नेवाडातले स्फोट कशाने थांबले?

अमेरिकेच्या अणुचाचण्या ‘सीटीबीटी’मुळे, म्हणजे सर्वंकष अणुचाचणी बंदी करारामुळे थांबल्या, असं पुष्कळांना वाटतं. तारखा ताडून पाहिल्या तर ते टिकत नाही. नेवाडाच्या वाळवंटातला शेवटचा भूमिगत स्फोट झाला २३ सप्टेंबर १९९२ला. करार सह्यांसाठी खुला झाला तो चार वर्षांनी. अमेरिकेने सही केली खरी, पण १९९९ मध्ये सिनेटने तो ४८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळला.

मग स्फोट थांबवले कोणी? अमेरिकी संसदेने, आणि तेही ऊर्जा व जलविकासाच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकात घातलेल्या एका दुरुस्तीने. ती मांडणाऱ्यांत डेमोक्रॅट एक्सन आणि मिचेल यांच्यासोबत मार्क हॅटफिल्ड होते. हॅटफिल्ड राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. नौदलातल्या तरुणपणी, बॉम्ब पडल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी हिरोशिमा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या चिकाटीमागे ते दृश्य होतं, असं मला मनापासून वाटतं. बुश यांना ही दुरुस्ती नको होती. पण त्याच विधेयकात टेक्सासमधल्या महाकाय कणत्वरकाचा पैसा होता. २ ऑक्टोबर १९९२ला त्यांनी सही केली. कणत्वरक वर्षभरात रद्द झाला, चाचण्यांना घातलेला लगाम मात्र राहिला.

लगाम असा: आधी नऊ महिने पूर्ण बंदी, मग सप्टेंबर १९९६ अखेरपर्यंत फार तर १५ चाचण्या, पुढे एकही नाही. क्लिंटन यांनी त्या पंधरांतली एकसुद्धा वापरली नाही.

चाचणीबंदी १९६३ मध्येच झाली, हाही एक समज. त्या वर्षीच्या मॉस्को कराराने हवेतले, पाण्याखालचे आणि अवकाशातले स्फोट बंद केले. जमिनीखालचे चालूच राहिले, आणि ते नेहमी जमिनीखालीच राहिले असंही नाही. १९७० मध्ये नेवाडातल्या ‘बेनबेरी’ चाचणीत जमिनीला भेग पडून किरणोत्सारी धुळीचा लोट आकाशात गेला.

१९९२च्या कायद्याने अमेरिकेचे हात अजून बांधलेले आहेत, हा समज आपण भारतीयांनी तरी नीट तपासावा. कायद्यात एक अट होती: ३० सप्टेंबर १९९६नंतर दुसऱ्या कुठल्याही देशाने चाचणी केली, तर अमेरिकेवरची बंदी उठेल. त्या तारखेनंतरचा पहिला स्फोट ११ मे १९९८ला पोखरणमध्ये झाला. म्हणजे ती बंदी आपल्या चाचणीने उठली. ज्या देशाच्या पंतप्रधानांनी, नेहरूंनी, २ एप्रिल १९५४ला लोकसभेत सगळ्या अणुचाचण्या थांबवण्याची हाक दिली होती, त्याच्याच वाट्याला हे यावं, याचं मला वाईट वाटतं.

अट पुरी झाल्यावरही क्लिंटन यांनी नेवाडात स्फोट केला नाही. त्यांच्या मागून आलेल्या धाकट्या बुश यांनी आणि ओबामांनीही केला नाही. भारतानेही पोखरणनंतर आपणहून चाचण्या थांबवल्या, सीटीबीटीवर सही न करता.