ड्रॅगन कोणाच्या बाजूने खेळतो?

डिसेंबर २००४मध्ये चीनच्या दूरचित्रवाणी प्रशासनाने नायकेची बुटांची एक जाहिरात बंद केली. १९ वर्षांचा अमेरिकी बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स एका इमारतीचे मजले चढत आपल्या भीतींना हरवतो, एवढीच गोष्ट. पण त्या भीतींना रूप दिलं होतं ते लांब झगा घातलेल्या वृद्ध कुंग फू गुरूचं, हवेत तरंगणाऱ्या अप्सरांचं आणि ड्रॅगनचं. जाहिरातीने राष्ट्राची प्रतिष्ठा आणि मातृभूमीची संस्कृती जपावी, हा नियम मोडल्याचा ठपका आला.

ही जाहिरात बेतली होती ब्रूस लीच्या 'गेम ऑफ डेथ'वर. तिथेही मजल्यामागून मजला चढायचा असतो. मात्र चढणारा असतो ब्रूस ली आणि हरतो अमेरिकी बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार. नायकेने नेमकी हीच जोडी उलटी केली. चिनी प्रेक्षकाला झोंबलं ते इथे, असं मला वाटतं.

वातावरणही तापलेलं होतं. वर्षभरापूर्वी टोयोटाच्या जाहिरातीत दगडी सिंह प्राडो गाडीला सलाम ठोकत होता. तो सिंह लोकांना मार्को पोलो पुलावरचा वाटला. १९३७चं जपानी आक्रमण तिथूनच सुरू झालेलं. कंपनीला माफी मागावी लागली. मग सप्टेंबर २००४मध्ये निप्पॉन पेंट या जपानी रंगकंपनीच्या जाहिरातीत खांबावरचा ड्रॅगन ताज्या रंगावरून घसरून पडला आणि पुन्हा गहजब झाला.

गंमत म्हणजे हे सगळं निरीश्वरवादी पक्षाच्या राज्यात घडत होतं. १९६६मध्ये याच राज्यात, सांस्कृतिक क्रांतीच्या वेळी, जुने विचार, संस्कृती, रूढी आणि सवयी या 'चार जुन्या गोष्टी' मोडायला निघालेल्या माओवादी तरुणांनी, म्हणजे रेड गार्डांनी, छूफूच्या कन्फ्यूशियस मंदिरात नासधूस केली होती. चार दशकांनी अशीच जुनी प्रतीकं सरकारी संरक्षणाखाली आली, पण राष्ट्राची मालमत्ता म्हणून. श्रद्धेचा प्रश्न कुणी काढलाच नाही. त्या अप्सरा तर मुळात आपल्याकडून गेलेल्या. बौद्ध धर्माबरोबर त्या चीनमधल्या तुनहुआंगच्या लेण्यांत पोचल्या. त्यांच्या बहिणी अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात अजून उडताहेत.

आपल्याकडे तक्रार वेगळ्या दाराने येते. एप्रिल २०१३मध्ये 'बिझनेस टुडे'च्या मुखपृष्ठावर धोनी विष्णुरूपात झळकला. हातांत जाहिरातींतली उत्पादनं, त्यांत एक बूटही. राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा मुद्दा कुणी मांडला नाही. खटले झाले ते धर्मभावना दुखावल्याचे. २०१६ आणि २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अला हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला अपमान लागत होता. चीनमध्ये हेतूची अशी चौकशी झाली नाही. प्रशासनाने हुकूम काढला, जाहिरात गेली.

बाजारपेठ मोठी असली की कंपन्या लवकर शिकतात. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी अदिदासने केलेल्या जाहिरातींत देव-दानव कुणीच नव्हते. हजारो सामान्य चिनी माणसांचे हात डायव्हिंगपटू हू जियाला उंच उचलून धरतात आणि तो त्यांच्यावरून झेप घेतो. ड्रॅगनची जागा जनतेने घेतली होती, आणि बूट विकणारी कंपनी यावेळी यजमानांच्या बाजूने उभी होती.