मधल्या दिवसांचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे ज्या गृहिणीने एकदा अनुभवले आहे तिला आम्ही काय सांगावे! लोणच्याच्या बरण्या, देवांचा डबा, सासूबाईंची ट्रंक, मुलांची दप्तरे आणि कुणीही न वापरलेली पण कुणालाही टाकवत नाही अशी पितळी भांडी – हे सारे एका टेम्पोत घालून माणूस नव्या दारी उतरतो, चहाचे आधण ठेवतो, आणि चार दिवसांत त्या जागेला घर म्हणू लागतो. पण या लेखात ज्या घरबदलाविषयी लिहायचे आहे त्यात एक वेगळाच पेच आहे. जुने घर सुटले आहे, नवे घर कागदावर मिळाले आहे, आणि मधली दोन, तीन, कधी कधी दहा वर्षे तिसरीकडेच कुठेतरी काढायची आहेत.

हा पेच वरळीच्या बी. डी. डी. चाळीतल्या कुटुंबापुढे जसा उभा राहिला, तसाच तो भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावी घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबापुढेही उभा राहतो. फरक इतकाच, की मुंबईत मधल्या दिवसांचे भाडे कुणीतरी देते, निदान देण्याचे कबूल करते. करडीत तो प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. करडीकडे आपण शेवटी जाऊ. आधी मुंबई पाहू, कारण भाड्याच्या मदतीचे सारे खाचखळगे तिथेच नीट दिसतात.

मुंबईत या गोष्टीची सुरुवात पावसाने केली असे म्हटले तरी चालेल. दर पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळत, माणसे दगावत. भाडी गोठलेली, त्यामुळे मालक दुरुस्ती करीना, आणि भाडेकरूला दुसरीकडे जागा परवडेना. शेवटी १९६९ साली कायदा होऊन इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. दुरुस्तीसाठी उपकर बसवण्यात आला, आणि त्या वेळी १९,६४२ इमारती या उपकराखाली आल्या. पुढे हे काम ‘म्हाडा’कडे गेले. धोकादायक इमारतीतून बाहेर काढलेल्या माणसांसाठी जी जागा उभारली तिला सरकारी भाषेत ‘संक्रमण शिबिर’ म्हणतात. शब्द मोठा सुंदर आहे. संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे! प्रत्यक्षात कित्येक कुटुंबांचे जाणे तेवढे झाले, पोचणे राहिले. शिबिरात आलेल्या नवऱ्या मुलीची तिथेच सासूबाई झाली, अशी उदाहरणे मुंबईकराला शोधावी लागत नाहीत. मूळ इमारतीची जागा अरुंद, रस्तारुंदीत गेलेली, किंवा मालकाच्या भांडणात अडकलेली. तेव्हा परतायचे कुठे? अशांसाठी म्हाडाने ‘बृहत्सूची’ नावाची यादी ठेवली आहे, आणि तिच्यात नाव लागणे ही एक वेगळीच तपश्चर्या आहे.

शिबिरातल्या गळक्या गाळ्यापेक्षा हातात भाड्याचे पैसे द्या, आम्ही आमची जागा शोधू, ही मागणी त्यातूनच पुढे आली. २०२५ च्या पावसाळ्याआधी म्हाडाने केलेल्या पाहणीत ९६ उपकरप्राप्त इमारती अतिधोकादायक ठरल्या, आणि तिथल्या रहिवाशांना दरमहा २०,००० रुपये भाडे देण्याचे ठरले. शिबिरांत तेवढे गाळेच शिल्लक नव्हते, हे त्यामागचे खरे कारण.

बी. डी. डी. चाळींची कथा याहून बरी. ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने १९२० नंतरच्या पाच-सहा वर्षांत बांधलेल्या या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एकेक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात तीन पिढ्या झोपल्या, शिकल्या, लग्ने झाली. पुनर्विकासात त्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची सदनिका, तीही मोफत. ज्यांना संक्रमण गाळा नको त्यांना दरमहा २५,००० रुपये भाडे घेण्याची मुभा मिळाली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या दिल्या गेल्या. सरकारी यंत्रणाच बांधणारी आणि सरकारी यंत्रणाच भाडे देणारी, म्हणून पैशाला मागे एक भक्कम आधार होता.

पण पंचवीस हजार म्हणजे किती, हे कागद-पेन्सिल घेऊन बघावे. आपल्याकडे भाड्याचा करार अकरा महिन्यांचा करण्याची रीत पडली आहे. अकरा महिने झाले की मालक दहा टक्के वाढ सांगतो, नाही तर जागा मागतो. समजा, एका कुटुंबाने २५,००० रुपयांचे घर घेतले आणि तीन करारांत, म्हणजे ३३ महिन्यांत, तीन घरे बदलली. भाडे पहिल्यांदा २५,०००, मग २७,५००, मग ३०,२५०. मदत जर मूळ आकड्यावरच राहिली, तर वाढीचा फरक होतो ८५,२५० रुपये. दलाल प्रत्येक वेळी एक महिन्याचे भाडे घेतो, ते झाले ८२,७५०. दोन्ही मिळून एक लाख अडुसष्ट हजार! यात टेम्पो नाही, हमाल नाहीत, अनामत म्हणून गुंतलेली रक्कम नाही, आणि शाळा दूर गेली म्हणून मुलाच्या बसचा पास नाही. तेव्हा ‘त्यांना फुकट घर मिळते, वर भाडेही मिळते’ असे जे आपण सोसायटीच्या कट्ट्यावर बसून म्हणतो, ते जरा बेताने म्हणावे. आणि २५,००० रुपयांत वरळीतच दोन खोल्या मिळतील असे कुणी समजत असेल तर त्याने एकदा तिथल्या दलालाला विचारून यावे. बहुतेकांना गाव सोडून लांबच्या उपनगरात जावे लागते. म्हातारी माणसे डॉक्टरला, देवळाला आणि शेजाराला एकदमच मुकतात. त्याचे भाडे कोण मोजणार?

शिवाय घर शोधतानाचा अनुभव निराळाच. ‘भाडे तुम्ही देणार की बिल्डर देणार?’ हा घरमालकाचा पहिला प्रश्न. ‘बिल्डर’ असे उत्तर आले की त्याचा चेहरा उतरतो. तो उगीच उतरत नाही.

गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘पत्रा चाळी’त, ६७२ कुटुंबे राहत होती. २००८ साली रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकसक असा तिहेरी करार झाला. घरे बांधून होईपर्यंत भाडे विकसकाने द्यायचे होते. लोकांनी खोल्या रिकाम्या केल्या. काही वर्षे भाडे आले आणि मग थांबले. इमारती अर्ध्या, भाडे बंद, जुनी चाळ जमीनदोस्त! २०१८ साली म्हाडाने विकसकाचा करार रद्द केला. २०२१ साली सरकारने ठरवले, की म्हाडानेच हे काम पुरे करावे. ताब्याची गोष्ट २०२५ साल उजाडेपर्यंत लांबली. ज्याचे मूल चाळ सोडताना पहिलीत होते, ते तोवर पदवीधर होऊन नोकरीला लागले असेल. ज्यांनी करारावर सही केली ते सगळेच चावी घ्यायला हयात होते असेही नाही. वारसाचे दाखले काढण्याचे काम तेवढे वाढले.

असे का होते? झोपडपट्टी पुनर्वसनात किंवा अशा भागीदारीत बांधणारा माणूस मोफत घरांचा खर्च विक्रीच्या घरांतून काढतो. विक्री व्हायला वर्षे लागतात. भाडे मात्र पहिल्या महिन्यापासून द्यायचे असते. म्हणजे ते कर्जातून जाते. बाजार मंदावला, परवानगी अडली, किंवा पैसा दुसऱ्याच कामाला वळवला गेला, की सिमेंटवाल्याच्या आधी भाडे थांबते. सिमेंटवाला माल बंद करू शकतो. भाडेकरूने काय बंद करावे? त्याचे घर तर आधीच पाडलेले.

याला एक उपाय उशिरा का होईना झाला. २०२३ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने विकसकाला दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची आणि तिसऱ्या वर्षाचे पुढील तारखांचे धनादेश देण्याची सक्ती केली. आमच्या मते या सबंध विषयातला हाच सर्वांत शहाणा नियम. पैसे आधी, हातोडा मागून. ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास खासगीरीत्या चालला आहे, अशा आपल्यासारख्या सोसायटीवाल्यांनीही हे गाठीला बांधावे. करारात मासिक आकड्यापेक्षा तीन गोष्टी आधी वाचाव्यात: दरवर्षी वाढ किती, मुदत टळल्यावर भाडे चालू राहणार की नाही, आणि विकसकाने पाठ फिरवली तर बँकेची हमी कुठे आहे. दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळा लिहून घ्यावा. तो तोंडी कबूल होतो आणि तोंडातच राहतो. जाताजाता एक दिलाशाची गोष्ट: असे मिळालेले भाडे हे रहिवाशाचे उत्पन्न नव्हे, ते गैरसोयीची भरपाई आहे, म्हणून त्यातून विकसकाने कर कापू नये, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला आहे. कागदाच्या फायलीत त्याची प्रत असावी.

सरकारी घराची वाट पाहणाऱ्यांना भाड्यात हात देण्याची कल्पना आपल्यापुरतीच आहे असे नाही. सिंगापुरात बहुसंख्य लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. तिथे नव्या घराची वाट पाहणाऱ्या तरुण जोडप्यांना २०१३ पासून सरकारी सदनिका तात्पुरत्या भाड्याने मिळू लागल्या; आणि त्या पुरेनात म्हणून २०२४ साली काही काळापुरती खुल्या बाजारातल्या भाड्यासाठी दरमहा ३०० डॉलरची मदत सुरू झाली. तिथेही गाळे अपुरे पडले आणि रोख रकमेकडे वळावे लागले, हे पाहून म्हाडाच्या अधिकाऱ्यांना थोडे बरे वाटेल.

आता करडी. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. भिंती मातीच्या, वर कवेलू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली, तेव्हापासून घरकुलाला १,२०,००० रुपये अनुदान ठरले. त्याला रोजगार हमीतल्या ९० दिवसांच्या मजुरीची आणि शौचालयाच्या १२,००० रुपयांची जोड होती. राज्याने २०२५ साली आणखी ५०,००० देण्याचे जाहीर केले. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. पैसे हप्त्याहप्त्याने, पाया झाला, भिंती चढल्या, छत पडले असे पाहून. हिशेब चोख आहे. त्यात फक्त एक ओळ नाही.

ज्याच्याकडे एकच जागा आहे त्याला जुने घर पाडल्याशिवाय नवा पाया खणता येत नाही. पाडल्या दिवसापासून ते छतापर्यंत कुटुंब राहते कुठे? भावाच्या सपरीत, शेजाऱ्याच्या गोठ्याच्या कडेला, नाही तर त्याच आवारात ताडपत्री बांधून. गावात भाड्याने खोली मिळणे अवघड, आणि मिळाली तरी अनुदानातून तिचे भाडे दिले तर सळई कशाने आणायची? हप्ता लांबला की काम थांबते. काम थांबले की पुढचा हप्ता लांबतो. रेतीचीही तीच गत. नदी उशाशी, पण घाटाचा लिलाव अडला की घमेलेभर रेती मिळायची मारामार. उन्हाळ्यात सुरू केलेले घर मृगाच्या आत झाकले नाही, तर ताडपत्रीखालचे चार महिने समोर असतात. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुराने भंडारा जिल्ह्याची काय दशा केली हे आठवले, म्हणजे त्या ताडपत्रीची किंमत कळते.

वरळीच्या कुटुंबाला महिन्याला जी रक्कम मिळाली, तिची पाच महिन्यांची बेरीज करडीतल्या संबंध घराच्या मूळ अनुदानाहून जास्त भरते. मुंबईचे भाडे आणि करडीचे भाडे यांची तुलना करू नये हे आम्हालाही कळते. पण छत पडेपर्यंतचे पाच-सहा महिने एका खोलीचे भाडे, किंवा ग्रामपंचायतीने बांधून ठेवलेल्या दोन-चार खोल्या, आळीपाळीने देण्यासाठी – एवढे मागणे काही फार नव्हे. अनुदानाच्या यादीत ती एक ओळ घातली, तर कित्येक अर्धी घरे पावसाआधी पुरी होतील.

तिकडे मुंबईत चावी मिळाल्याच्या महिन्यापासून भाडे थांबते. नव्या घरात गणपती बसतो, पाहुणे येतात, पेढे वाटले जातात. आणि घरातला कुणीतरी एक जण दर रविवारी लोकल पकडून त्या जुन्या भाड्याच्या घरी चकरा मारीत असतो. मालकाकडे अनामत अजून अडकलेली असते.