जैसलमेरचीं ओरणें आणि सूर्याची वीज

जैसलमेर शहराबाहेर बडा बाग नांवाचें एक स्थान आहे. तेथें भाटी राजांच्या छत्र्या ओळीनें उभ्या आहेत. पिवळ्या दगडाच्या, कोरीव, शतकांच्या उन्हानें जणूं भाजून निघालेल्या. प्रवासी त्यांचें छायाचित्र घेऊं लागला म्हणजे मागें फिरणाऱ्या पवनचक्क्यांचीं पांढरीं पातीं त्यांत हटकून येतात. जुन्यानव्याचा हा शेजार कोणाला डोळ्यांत सलतो, कोणाला नाहीं. पण पवनचक्क्या एकमेकींपासून दूरदूर असतात आणि त्यांच्या पायथ्याशीं शेळ्यामेंढ्या चरूं शकतात. सौर विजेचें तसें नाहीं. तिला अंगण लागतें, आणि तेंही सलग, सपाट व कुंपण घातलेलें. जैसलमेर जिल्ह्यांत गेलीं कांहीं वर्षें जो वाद चालू आहे, त्याचें मूळ या कुंपणांत आहे.

हिशेब सोपा आहे. एक मेगावॅट शक्तीचीं सौर पॅनेलें मांडावयाचीं तर सुमारें पांच एकर जमीन लागते. त्यांत पॅनेलांच्या ओळींमधील अंतर, रस्ते व रोहित्रें हें सर्व आलें. फलोदीजवळ भाडला येथें २,२४५ मेगावॅटचें जें प्रचंड सौर क्षेत्र उभें आहे, त्यानें सुमारें १४,००० एकर जमीन व्यापली आहे. थरच्या वाळवंटांत आकाश वर्षांतून तीनशेंच्या आसपास दिवस निरभ्र असतें आणि जमीन मैलोगणती मोकळी दिसते, म्हणून देशांतील सौर उद्योगाची दृष्टि तिकडे वळली. भारतानें २०३० पर्यंत पांच लाख मेगावॅट क्षमता कोळसा-तेलाखेरीज अन्य मार्गांनीं उभी करण्याचें ध्येय ठरविलें आहे. देशाची बरीचशी वीज अद्याप कोळसा जाळूनच होते, आणि त्या धुराचे परिणाम वाळवंटालाही चुकणार नाहींत. हें सारें खरें आहे. ओरणांच्या गांवांनींही तें नाकारलेलें नाहीं. सूर्याच्या विजेला विरोध नाहीं, ती ओरणांत नको, एवढेंच त्यांचें म्हणणें आहे.

ओरण हा शब्द अरण्यापासून आला असें मानतात. ज्यांनीं कोंकणांतील वा मावळांतील एखादी देवराई पाहिली आहे त्यांना कल्पना समजावून सांगावयास नको. मात्र तेंच चित्र डोळ्यांपुढें ठेवून कोणी थरमध्यें गेला तर त्याची फसगत होईल. देवराई म्हणजे ओलसर, अंधारलेली, वेलींनीं गच्च झालेली झाडी. ओरण म्हणजे उघडें माळरान. त्यांत खेजडीचीं झाडें लांबलांब विखुरलेलीं असतात. ही खेजडी म्हणजे दसऱ्याला जिची पूजा होते ती आपली शमीच. मधून मधून केरचीं कांटेरी झुडपें, बोरी, जाळ, आणि खालीं सेवण नांवाचें चिवट गवत. देवीच्या किंवा पाबूजींसारख्या लोकदैवताच्या नांवानें ही जमीन सोडलेली असते. कित्येक ओरणांच्या सीमा दुधाची वा गंगाजलाची धार धरून आंखल्या गेल्या, असें गांवोगांवीं सांगतात. नियम एवढाच, कीं तेथें कुऱ्हाड चालवावयाची नाहीं आणि नांगर घालावयाचा नाहीं. गुरें मात्र खुशाल चरोत. राजस्थानांत अशीं सुमारें २५,००० ओरणें असून त्यांचें एकूण क्षेत्र सहा लाख हेक्टरांच्या घरांत आहे, असा अंदाज आहे.

हा केवळ श्रद्धेचा मामला आहे अशी समजूत करून घेणें शहरांतील माणसाला सोपें जातें. वस्तुतः ओरण हें मरुभूमींतील कुटुंबाचें कोठार आहे. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशें मिलिमीटरांहून कमी, तोही एखादे वर्षीं दडी मारणारा. अशा मुलुखांत शेतीच्या भरंवशावर राहणारा माणूस टिकत नाहीं. टिकतो तो गुरांवर जगणारा. सेवण गवताचीं मुळें दुष्काळांत जमिनीखालीं तग धरतात आणि एका सरीनें पुन्हा कोंब धरतात. खेजडीचा पाला शेळ्या व उंट खातात, तिच्या शेंगा म्हणजे सांगरी माणसें खातात. केर-सांगरीची भाजी शहरांतील उपाहारगृहांत आतां बरीच महाग मिळते, हा त्यांतला एक विनोद. उंटांची संख्या देशांत २०१२ च्या पशुगणनेंत चार लाखांच्या आसपास होती, ती २०१९ मध्यें अडीच लाखांवर उतरली. ही घट सौर प्रकल्पांमुळें झाली असें म्हणणें अन्यायाचें होईल; मोटारी आल्या, चराई आटली, हीं कारणें जुनीं आहेत. पण उरलेले उंट ज्या रानावर जगतात तें ओरणच आहे.

पाण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. कुलधरा वगैरे ओस पडलेलीं गांवें पाहावयास प्रवासी हौसेनें जातात आणि भुताखेतांच्या कथा ऐकून परततात. परंतु त्या गांवांच्या पालीवाल ब्राह्मणांनीं जी विद्या मागें ठेवली तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. खडकाळ उतारावर पडलेला पाऊस वाहत सखल भागांत यावा, तेथें मातीचा बांध घालून तो अडवावा, पाणी जमिनींत मुरूं द्यावें, आणि तें ओसरलें म्हणजे त्या ओलीवर गहूं-हरभरा पेरावा. पुन्हा पाणी देण्याची गरज नाहीं. याला खडीन म्हणतात. तळ्यांचेंही तसेंच. ज्या उतारावरून तळ्याला पाणी येतें त्याला आगोर असें नांव आहे, आणि आगोर स्वच्छ राहावा म्हणून तेथें जोडे घालून जाऊं नये असा दंडक कित्येक गांवीं पाळला जाई. अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या १९९५ मधील पुस्तकानें हें जलशास्त्र हिंदी वाचकांच्या घरोघर पोंचविलें. आतां अशा उतारावर एक रस्ता भरावानें उंच केला, एक चर खणला, कीं पाण्याची वाट मोडते. तळें जागच्या जागीं राहतें. त्यांत पाणी येत नाहीं. नकाशावर त्या उताराला कांहींच नांव नसतें, म्हणून तेथें कांहीं बिघडलें हें नकाशा पाहणाऱ्याला कळतही नाहीं.

येथें वादाचें खरें बीज सांपडतें. जैसलमेर १९४९ पर्यंत संस्थान होतें. तें राजस्थानांत विलीन झाल्यावर महसुलाचीं दप्तरें नव्यानें तयार झालीं, तेव्हां पुष्कळ ओरणें ओरण म्हणून नोंदलीं गेलींच नाहींत. जी जमीन कोणाच्या खात्यावर नाहीं ती सरकारची, असा हिशेब करून तिच्यापुढें ‘सिवायचक’ किंवा ‘बंजर’ असा शेरा पडला. देवीकोटच्या बाजूस देगराय मातेचें ओरण आहे. गांवकरी त्याचा विस्तार सुमारें ६०,००० बिघे सांगतात. २००४ मध्यें सरकारदप्तरीं ओरण म्हणून नोंद झाली ती सुमारें २४,००० बिघ्यांची. उरलेल्या जमिनीवर गवत तेंच, झाडें तींच, देवीही तीच. फरक फक्त कागदाचा. प्रकल्पवाला कागद पाहून येतो. त्याला पडीक जमीन दिलेली असते, आणि त्याच्या बाजूनें पाहतां त्यानें गैर कांहींच केलेलें नसतें. म्हणूनच हा तंटा कठीण आहे.

मराठी माणसाला या ठिकाणीं मुळशीची आठवण होणें स्वाभाविक आहे. १९२१ सालीं मुळशी खोऱ्यांत टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला आणि पुढें सेनापति बापटांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें. तेव्हांही प्रश्न विजेचाच होता. खोरें मावळचें बुडावयाचें आणि दिवे मुंबईचे लागावयाचे. पण मुळशीची भातखाचरें कोणाच्या तरी नांवावर होतीं. जमिनीचा धनी म्हणून एक माणूस समोर उभा राहत होता. त्याला मोबदला देऊं करतां येत होता आणि तो नाकारण्याचा मानही त्याच्याकडे होता. कर्नाटकांत पावगडा येथें २,०५० मेगावॅटचें सौर क्षेत्र सुमारें १३,००० एकरांवर झालें, तें शेतकऱ्यांकडून जमिनी भाड्यानें घेऊन. एकरीं वर्षाला २१,००० रुपये आणि ठराविक काळानें वाढ, असा करार होता. दुष्काळी तालुक्यांत तें उत्पन्न पुष्कळांना बरें वाटलें, जरी दुसऱ्याच्या रानांत मजुरी करणाऱ्या भूमिहीनाच्या हातीं त्यांतलें भाडें आलें नाहीं. ओरणाच्या बाबतींत सगळें गांवच त्या भूमिहीनाच्या जागीं असतें. भाडें द्यावयाचें तर कोणाला? वापर सर्वांचा, नांव कोणाचेंच नाहीं.

देगरायच्या रानांत पहिला मोठा संघर्ष पॅनेलांवरून नव्हे तर तारांवरून पेटला. वीज तयार झाली म्हणजे ती दूरच्या शहरांकडे न्यावी लागते, आणि त्यासाठीं उच्च दाबाच्या वाहिन्या ओरणावरून गेल्या. याच मुलुखांत माळढोक पक्ष्याचा शेवटचा मोठा थारा आहे. राजस्थानांत त्याला गोडावण म्हणतात. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठींच अभयारण्य केलेलें आहे. आतां जगांत रानावर उरलेले माळढोक दीडशेंच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. हा पक्षी अंगानें जड, समोरचें त्याला नीट दिसत नाहीं, आणि तार दिसली तरी ऐन वेळीं वळतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९ एप्रिल २०२१ रोजीं त्याच्या वस्तीच्या विस्तीर्ण प्रदेशांत तारा जमिनीखालून नेण्याचा हुकूम दिला. २१ मार्च २०२४ रोजीं तो सरसकट हुकूम बदलून न्यायालयानें तज्ज्ञांची समिति नेमली. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही त्याच निकालांत मान्य झाला. पक्षी आणि सूर्याची वीज, दोन्ही निसर्गाच्याच नांवानें न्यायालयापुढें उभीं, असा हा विलक्षण प्रसंग होता.

ओरणांचा स्वतंत्र निकाल लागला १८ डिसेंबर २०२४ रोजीं. राजस्थानच्या वनखात्यानें प्रत्येक ओरणाची प्रत्यक्ष जागेवर जाऊन व उपग्रहाच्या साह्यानें मोजणी करावी आणि त्यांना वन म्हणून गणावें, असें न्यायालयानें सांगितलें. यामुळें गांवें निश्चिंत झालीं असतील असें वाटण्याचा संभव आहे. पण त्याच वर्षाच्या आरंभीं राज्यसरकारनें ओरणांना वनाचा दर्जा देण्याची सूचना काढली होती, तेव्हां कित्येक गांवांनीं तिच्यावर हरकती घेतल्या होत्या. त्यांची शंका रास्त होती. वन झालें कीं वनखात्याचा पहारा आला. मग गुरें चारावयाचीं कोणाच्या परवानगीनें, डिंक व सांगरी गोळा करावयाची कोणत्या कायद्यानें, आणि देवीच्या जत्रेला माणसें जमवावयाचीं कोठें? कुंपण प्रकल्पाचें असो वा सरकारचें, शेळीला तें सारखेंच. न्यायालयानें गांवाच्या हातीं व्यवस्था राहील असा सामूहिक राखीव क्षेत्राचा मार्गही सुचविला आहे. सारें आतां प्रत्यक्ष मोजणी कशी होते यावर अवलंबून आहे.

ती मोजणी सोपी नाहीं. वर्षाचे कांहीं महिने उंचावरून घेतलेल्या चित्रांत सुकलेलें सेवणचें कुरण आणि उजाड माळ यांत फार थोडा फरक दिसतो. विरळ खेजड्यांना वन म्हणावें असें कोणा अभियंत्याला सुचणार नाहीं. म्हणून गांवकऱ्यांना पुरावे जमिनीवरच शोधावे लागतात: देवळांतले जुने लेख, गाईंच्या रक्षणांत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिला, तळीं, विहिरी. ओरणाची प्रदक्षिणा पायीं घालण्याची चाल आहे. अमुक जाळीपाशीं वळावयाचें, अमुक दगड उजव्या हातीं ठेवावयाचा, हें ती प्रदक्षिणा घातलेल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतें. मोजणीदार येतील तेव्हां साखळीच्या पुढें चालण्यासाठीं त्यांना याच माणसांची गरज पडणार आहे, आणि त्या माणसांचीं वयें सत्तरीच्या पुढचीं आहेत.