एका साडीचं दुपटं

सहावारी साडी सहा वार लांब, म्हणजे २१६ इंच. पन्हा साधारण ४५ इंच. ती आडवी कापत गेलं की ३६ इंचांचे सहा तुकडे निघतात. पाच तुकडे एकावर एक पसरले की बाळाच्या दुपट्याचे पाच थर झाले; सहावा ठिगळांसाठी उरतो. गोधडी शिकायला निघालेल्या माणसाला याहून सोपं गणित मिळणं अवघड. तरी नवशिक्या मंडळींचा पहिला घाट बहुधा पलंगभर गोधडीचाच असतो. दोन रविवार उत्साहात जातात आणि तिसऱ्या रविवारी ती गोधडी, सुई तशीच खोचलेली, कपाटाच्या वरच्या फळीवर जाते.

दुपट्याचं तसं होत नाही. ते मांडीवर मावतं, चार-सहा आठवड्यांत हातावेगळं होतं, आणि बाळ यायची तारीख समोर असल्यामुळे टंगळमंगळ चालत नाही.

साडी मात्र सुती हवी, आणि जुनी हवी. घरात नवं काही घ्यायचं नाही म्हणून जुनं, एवढंच त्यामागे नाही. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, ते आटायचं तेवढं आटलेलं असतं आणि धागे सैलावलेले असतात. सुई अशा कापडाच्या पाच थरांतून सहज जाते. कोऱ्या कापडाच्या तीन थरांतही ती अडते. शिवाय एक थर नवा आणि बाकीचे जुने असले, तर पहिल्या धुण्यात नवा आटतो आणि अख्खं दुपटं वेडंवाकडं आक्रसतं. आजीच्या लुगड्याची दुपटी होत, त्यात मायेइतकाच हा व्यवहारही होता.

आता घरोघर सुतीपेक्षा नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या जास्त साठलेल्या असतात. दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका त्यांच्याही गोधड्या करतात, त्या टिकतात आणि त्यांचे रंगही उडत नाहीत. पण हे कापड हाताखालून निसटतं आणि घाम टिपत नाही. पहिल्या कामासाठी ते नकोच. बाळासाठी तर मुळीच नको. जरीचा काठही काढून टाकावा, तो टोचतो. लाल किंवा गडद निळा तुकडा वापरायचा असेल तर आधी ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघावा. रंग उतरला तर तो तुकडा बाजूला ठेवावा.

खरं कसब सुई हातात घेण्याच्या आधीचं आहे, आणि नेमकं तेच शिकवायचं राहून जातं. फरशी पुसून कोरडी करायची. सगळ्यात खालचा तुकडा पसरून चारही कोपऱ्यांवर वरवंटा, डबा, जे जड सापडेल ते ठेवायचं. तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढायच्या. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. कापड ओढून ताणायचं नाही. ताणलेला थर वजन काढल्याबरोबर मागे येतो आणि मध्ये झोळ पडतो. काठाचे, पदराचे, विरलेले भाग आतल्या थरांत घालावेत, चांगले भाग वर आणि खाली यावेत. मग कडा आत दुमडून टाचण्या लावायच्या आणि वीत-वीतभर अंतरावर मोठमोठे कच्चे टाके घालायचे. या टाचणीत अर्धा दिवस जातो. जाऊ द्यावा.

एवढा आग्रह का, तर आपली गोधडी कडेकडून मध्याकडे शिवली जाते. पाश्चात्त्य पद्धतीत वरचं तुकडेजोड कापड, मधला कापसाचा थर आणि अस्तर असे तीन थर असतात आणि शिवण शक्यतो मध्यापासून बाहेर नेतात, म्हणजे जास्तीचं कापड कडेला सरकून निघून जातं. कडेकडून आत शिवत आलं की त्या कापडाला पळायला जागाच नसते, ते मध्यभागी गोळा होतं. कच्चा टाका त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. शिवाय प्रत्येक फेरा संपला की दुपटं जमिनीवर पसरून हात फिरवायचा. फुगवटा दिसला तर पुढच्या फेऱ्यात थोडा थोडा वाटून टाकायचा.

टाका एकच, धावदोरा. सुई लांब घ्यावी, पण दाभणाइतकी जाड नको, तिची भोकं जुन्या कापडात मोठी होतात. दोरा जाड, सुती, दीड हाताहून लांब नाही. गाठ थरांच्या मध्ये लपवायची. सुईवर तीन-चार टाके भरायचे आणि मग दोरा ओढायचा, तोही बेताने. फार ओढला की चुण्या पडतात. सगळ्यात खालचा थर सुईत आला की नाही, हे दर वीतभर अंतरावर उलटून पाहावं. नवशिक्यांचे वरचे टाके सुबक असतात आणि खाली अस्तर लोंबत असतं.

कडा दुमडल्यावर दुपटं साधारण ३४ बाय ४३ इंचांचं उरतं. एकेक इंचाच्या अंतरानं चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत गेलं, की ओळींची लांबी ३७-३८ मीटर भरते. इंचाला तीन टाके धरले तर साडेचार हजारांच्या आसपास टाके, आणि साठ-सत्तर वेळा सुईत दोरा ओवणं. आकडे ऐकून घाबरायचं कारण नाही. पहिल्या दोन फेऱ्यांतले टाके वाकडे येतात, पाचव्या-सहाव्या फेऱ्यापासून हात बसतो, आणि कडेचे ते वाकडे टाके उसवायची गरज नसते. दुपट्याला काही होत नाही.

ठिगळांचं काय? इथे शेजारच्या उत्तर कन्नडकडे पाहावं. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानपट्ट्यात सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी त्यांच्यातल्या अनेकांच्या आफ्रिकी पूर्वजांना गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून सुटलेले, पळालेले लोक घाट चढून या जंगलात आले. त्यांच्या बायका कवंडी शिवतात, तीही जुन्या कपड्यांची आणि धावदोऱ्याचीच. पण त्या वरचं कापड आधी तुकडे जोडून तयार करत नाहीत. खाली एक साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि शिवत शिवतच हाताला येईल तो तुकडा, कडा दुमडून, जागेवर बसवत जायचा. कडेनं फिरत फिरत मध्यावर पोचलं की कवंडी पूर्ण. ख्रिस्ती घरातल्या कवंडीवर क्रॉस दिसतो, मुस्लिम घरातल्या कवंडीवर चंद्रकोर. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या रंगीत कापडाची ‘फुलं’ लावतात. ती नसली तर कवंडी पुरी झाली असं मानत नाहीत.

नवख्यासाठी ही रीत फार सोयीची आहे. कागदावर नक्षी काढा, पाव इंच शिवण सोडून चौकोन कापा, कोपरे जुळवा, या सगळ्या कटकटीतून सुटका होते. पट्टी, चक्राचं कटर आणि कापण्याची चटई असलेले महागडे संच विकत घेणारे लोक बहुधा संचातच अडकतात. सहाव्या तुकड्यातून आणि घरातल्या एखाद्या सुती सदऱ्यातून हाताएवढी ठिगळं काढावीत, कडा बोटाच्या पेरभर आत दुमडाव्यात आणि फेरा जाईल तसतशी ती धावदोऱ्यात घेत जावीत. पहिल्या दुपट्यावर सात-आठ पुरेत.

पूर्ण झालं की कच्चे टाके काढून दुपटं गार पाण्यात धुवावं. भिजल्यावर पाच थर चांगलेच जड होतात, तेव्हा एका दोरीवर टांगू नये. दोन दोऱ्यांवर पसरून उन्हात वाळवावं. वाळल्यावर टाक्यांच्या ओळींमधलं कापड थोडं उमलून येतं आणि खळगे दिसू लागतात. टाके थोडे वाकडे असले तरी ते त्या खळग्यांत लपतात. हे दुपटं बाळाच्या खाली अंथरायला किंवा मांडीवर घेताना वापरावं. झोपलेल्या तान्ह्याच्या अंगावर सैल पांघरूण नसावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

दुसरं काम एका माणसाच्या गोधडीचं, ६० बाय ९० इंच. क्षेत्रफळ दुपट्याच्या पावणेचारपट, आणि ६० इंच रुंदीला ४५ इंचांचा पन्हा पुरत नाही, म्हणून इथे पहिल्यांदा जोड घालावा लागतो. प्रत्येक थराचा जोड वेगळ्या जागी घ्यायचा, नाहीतर सगळे एकाच रेघेत येतात आणि तिथे सुई अडकते. आणि समोरासमोर बसून दोन बाजूंनी शिवायला एक जोडीदारीण शोधायची.