पेढीवरील ब्राउझर आणि परवानगीची अडचण

व्यापाराचा कारभार वहीवरून संगणकावर आला, त्यास आता बराच काळ लोटला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल आले. आणि मंडीच्या आवाराबाहेर धान्य नेण्याचे अनुज्ञापत्रही आता संगणकावरच निघते. या साऱ्या कामांचा दरवाजा एकच, तो म्हणजे ब्राउझर. बडा गणपती, मल्हारगंज व छावणी भागांतील पेढ्यांवर मुनीमजींकडून एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो की, ब्राउझर 'जुना झाला' म्हणतो, पण अद्ययावत करू गेल्यास 'परवानगी नाही' असे सांगून थांबतो. या अडचणीचे स्वरूप व्यापारी बंधूंना आपल्या व्यवहाराच्या भाषेत समजावून द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, अद्ययावत करणे ही हौस नव्हे. ब्राउझरमध्ये नित्य नवे दोष सापडतात व त्यांतून चोर आत शिरतात. प्रत्येक नवी आवृत्ती म्हणजे अशा भगदाडांची डागडुजी होय. क्रोमची नवी मुख्य आवृत्ती २०२१ पासून सुमारे दर चार आठवड्यांनी निघू लागली, ती याच धोरणाने. ज्या यंत्रावरून आपण बँकेचा व्यवहार करतो, त्याचा दरवाजा मोडका ठेवणे म्हणजे तिजोरी उघडी टाकून जेवावयास जाण्यासारखेच आहे. शिवाय ऐन २० तारखेस, मासिक विवरणपत्र भरतेवेळी, काम अडले तर दिवसागणिक विलंबशुल्क चढते ते वेगळेच.

आता परवानगी म्हणजे काय, ते पाहू. आपल्या पेढीवर मुनीम रोजमेळ लिहितो, पण वखारीची किल्ली मालकाकडे असते. संगणकातही हीच व्यवस्था आहे. त्यात दोन प्रकारची खाती असतात. एक प्रशासकाचे, म्हणजे मालकाचे. दुसरे साधे, म्हणजे नोकराचे. विंडोजमध्ये 'प्रोग्राम फाइल्स' नावाचे कोठार असते आणि ब्राउझर बहुधा तेथे ठेवलेला असतो. त्या कोठारात साध्या खात्यास वाचता येते, पण बदल करता येत नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रशासकासही असा बदल करताना पडद्यावर 'होय' म्हणावे लागते. विंडोज ९५ व ९८ यांत असा बंदोबस्त नव्हता, म्हणून एक दूषित फाईल साऱ्या यंत्रास पुरून उरे. तात्पर्य, 'परवानगी नाही' हा संदेश म्हणजे यंत्राचा बिघाड नव्हे. वखारीचा पहारेकरी आपले काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग दर वेळी मालकाने धावत यावे काय? नाही. यासाठी ब्राउझरचे कर्ते एक विश्वासू गडी यंत्रात ठेवून जातात. क्रोमचा गूगल अपडेटर आणि फायरफॉक्सची मोझिला मेंटेनन्स सर्व्हिस हे ते गडी होत. त्यांस कोठारात जाण्याचा अधिकार एकदाच दिलेला असतो व पुढे ते पडद्याआड काम उरकतात. यंत्राचा वेग वाढवून देतो म्हणणारा एखादा कारागीर या सेवा बंद करून जातो, आणि काही महिन्यांनी अडचण उभी राहते.

यास्तव दुरुस्ती पुढील क्रमाने करावी.

पहिले, ब्राउझरच्या सर्व खिडक्या बंद करून यंत्र पुन्हा सुरू करावे. उघडी वही बदलता येत नाही, तसाच चालू ब्राउझरही पुरता बदलता येत नाही.

दुसरे, सेटिंग्जमधील खात्यांच्या पानावर आपले खाते प्रशासकाचे आहे की साधे, ते पाहावे. साधे असल्यास प्रशासकाचा पासवर्ड देऊनच अद्ययावत करावे. संदेशात ८००७०००५ हे आकडे दिसल्यास 'प्रवेश नाकारला' हाच त्याचा अर्थ समजावा.

तिसरे, सर्व्हिसेसच्या यादीत वर सांगितलेल्या सेवा 'डिसेबल्ड' झाल्या नाहीत ना, ते तपासावे. झाल्या असल्यास सुरू कराव्यात. विषाणुरोधक प्रोग्राम त्यांस अडवीत नाही ना, हेही पाहावे.

चौथे, 'हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहे' असे दिसल्यास, यंत्र पूर्वी कोणा कार्यालयात असताना घातलेले निर्बंध शिल्लक असण्याचा संभव आहे. जुने विकत घेतलेले यंत्र असेल तर विंडोज नव्याने बसविणे उत्तम.

पाचवे, एवढ्यानेही न भागल्यास ब्राउझर काढून त्याच्या कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरून पुन्हा बसवावा. खुणा व पासवर्ड वापरकर्त्याच्या वेगळ्या कप्प्यात असतात, म्हणून काढताना 'माहितीही पुसावी' या चौकोनात खूण करू नये. तरीही आधी नक्कल काढून ठेवावी.

सहावे, यंत्र फार जुने असल्यास दोष परवानगीचा नसतो. विंडोज ७ व ८.१ वर क्रोमची १०९ ही आवृत्ती शेवटची. फेब्रुवारी २०२३ मध्ये निघालेल्या ११० पासून विंडोज १० किंवा त्यापुढील प्रणाली लागते. खुद्द विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा ठिकाणी यंत्र बदलण्याचा विचार करणे हाच मार्ग होय.

आता काय करू नये, तेही सांगणे अवश्य आहे. कटकट नको म्हणून कित्येक पेढ्यांवर सर्वांनाच प्रशासक करून टाकतात. म्हणजे हमालापासून मुनीमापर्यंत प्रत्येकास वखारीची किल्ली वाटण्यासारखेच झाले. मुनीमजींनी चुकून एखादी दूषित फाईल उघडली, तर तिलाही तोच अधिकार मिळतो आणि साऱ्या खतावण्या कुलूपबंद करून खंडणी मागितली जाऊ शकते. त्याचप्रमाणे, एखादे पान पाहत असता 'तुमचा ब्राउझर जुना आहे, येथे दाबा' असे झळकले, तर तेथे कदापि दाबू नये. अद्ययावत करणे ते ब्राउझरच्या स्वतःच्या 'विषयी' या पानावरूनच. फोनवरून मदतीच्या मिषाने यंत्राचा ताबा मागणाऱ्यास तो देऊ नये. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. विलंबाने पैसा हाती लागणे दुर्घट होते.

आणखी एक गोष्ट आमच्या पाहण्यात पुष्कळदा येते. यंत्र बसविणारा कारागीर प्रशासकाचे खाते आपल्या नावाने उघडतो, पासवर्ड आपल्यापाशीच ठेवतो आणि पुढे गाव सोडून जातो. मालक पैसे मोजतो, पण त्याच्या वखारीची किल्ली परक्याच्या खिशात राहते. गाडी भरून फाटकाशी उभी, चालक खोळंबलेला, आणि पासवर्ड कोणास ठाऊक नाही, असा प्रसंग त्यातूनच ओढवतो. म्हणून यंत्र घेतेवेळीच प्रशासकाचे खाते मालकाच्या नावे करवून घ्यावे, पासवर्ड कागदावर लिहून मोहोरबंद लखोट्यात तिजोरीत ठेवावा, आणि मुनीमास रोजच्या कामासाठी साधे खाते द्यावे. महिन्यातून एक दिवस, विवरणपत्राच्या तारखेपूर्वी, यंत्र अद्ययावत आहे की नाही ते पाहण्याचा नेम ठेवावा. तराजू व वजने पडताळून घेण्याचा नेम आपण पाळतो, त्याच यादीत हेही काम लिहून ठेवावे, अशी व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे.