गोळी पोटात गेल्यावर

पुण्याकडे पाऊस लागला की आमच्या टेंभुर्णीत चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, ‘दौंडचा विसर्ग किती?’ वरून किती येतंय, कालव्यांतून आणि नदीत किती सोडलंय, हा हिशेब मांडला की उद्या उजनी कुठवर भरेल ते सांगता येतं. औषधाचं संगणकी मॉडेलही असाच हिशेब मांडतं. गोळी आतड्यातून रक्तात किती वेगानं येते, यकृत तिचं किती रूपांतर करतं, मूत्रपिंडं किती बाहेर टाकतात? एकेक अवयव एकेक तलाव धरायचा आणि समीकरणं सोडवायची.

पण सांडवाच तुंबला तर? टरफेनाडिन ही ॲलर्जीवरची गोळी अमेरिकेत १९८५ पासून विकली जात होती. यकृतातलं एक विकर तिचं झटकन दुसऱ्या पदार्थात रूपांतर करी, म्हणून ती निर्धोक वाटे. सोबत एरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचं किटोकोनाझोल घेतलं की ते विकर अडायचं, मूळ औषध रक्तात साचायचं आणि हृदयाची लय बिघडायची. माणसं दगावली. १९९८ साली गोळी तिथल्या बाजारातून गेली. गंमत अशी की, यकृतात तयार होणारा तो दुसरा पदार्थ, फेक्सोफेनाडिन, आज औषध म्हणून दुकानात मिळतो. आता नवा रेणू हृदयाच्या पेशीतली पोटॅशियमची वाट अडवील का, हे माणसाला देण्याआधीच पेशींवर आणि संगणकावर तपासतात.

ज्या पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली ‘परम’ महासंगणक उभा केला, तिथंही रेणूंच्या हालचालींची अशी गणितं होतात. मार्च २०२३ मध्ये भारतानं औषध-चाचण्यांचे नियम बदलून, प्राण्यांवरच्या प्रयोगांबरोबर संगणकी मॉडेललाही जागा दिली.

मी पडलो कवी, तोही बी.ए.वर थांबलेला. माझी शंका साधी आहे. माझी अम्मी अडतीस किलोची. रक्तातलं क्रिएटिनिन पाहून डॉक्टरांनी तिची मधुमेहाची गोळी निम्मी केली. पुस्तकी हिशेबातला माणूस मात्र पूर्वापार सत्तर किलोचा. आता मॉडेलमध्ये म्हातारी माणसं, गरोदर बाया, मूत्रपिंडाचे रुग्णही घालतात. पण त्यांचे आकडे कुणाच्या तरी खऱ्या रक्तातूनच यायला हवेत. क्षयावरचं आयसोनियाझिड घ्या. काहींचं यकृत ते झपाट्यानं निकामी करतं, काहींचं सावकाश. आणि हा गुण आईबापांकडून येतो. आपल्याकडे सावकाशवाले पुष्कळ. माढा तालुक्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बाईचं यकृत त्या हिशेबात धरलंय का, हे विचारायला नको?

तूर्त मी एवढंच करतो. अम्मीला नव्या डॉक्टरांकडे नेलं की आधी तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीतून टेबलावर ओततो.