अर्धा टक्का म्हणजे अर्धा किलो नव्हे!
फवारणीचे द्रावण करताना माप सांभाळा

ऊस पिवळा पडला की आपण सल्ला विचारतो आणि उत्तर मिळते, "हिराकस अर्धा टक्का फवारा." सल्ला बरोबर असतो. घोटाळा होतो तो बांधावर. अर्धा टक्का म्हणजे १०० लिटर पाण्याला अर्धा किलो. पण हातात असतो १५ लिटरचा पंप. त्यातच अर्धा किलो हिराकस पडले, तर द्रावण तीन टक्क्यांच्या पुढे जाते. मग पाने करपतात आणि आपण म्हणतो, "औषधच डुप्लिकेट होतं!"

टक्क्याचा हिशेब सोपा आहे. एक टक्का म्हणजे एक लिटर पाण्यात १० ग्रॅम. अर्धा टक्का म्हणजे ५ ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम आणि २०० लिटरच्या बॅरेलला एक किलो. एवढे घरातल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

बाटलीतल्या औषधाचे गणित थोडे वेगळे. बाटलीवर ५० टक्के लिहिले असेल, तर त्यात निम्मेच खरे औषध असते. अशा वेळी हवे तेवढे द्रावण गुणिले हवी ती तीव्रता, भागिले बाटलीवरची तीव्रता, असा हिशेब करावा. उदाहरणार्थ, ५० टक्के मॅलॅथिऑनपासून ०.०५ टक्के तीव्रतेचे १५ लिटर द्रावण हवे आहे. १५,००० मि.ली. गुणिले ०.०५ भागिले ५०, उत्तर १५ मि.ली. माती परीक्षण प्रयोगशाळेतही तीव्र द्रावण पातळ करताना हाच नियम वापरतात. मात्र पिकाला किती तीव्रता द्यायची, हे लेबल वाचून आणि कृषी खात्याला विचारूनच ठरवा. बाटलीचे टोपण हे माप नव्हे. कुठले टोपण ५ मि.ली.चे, तर कुठले २५ चे.

प्रयोगशाळेची आणखी एक सवय घेण्यासारखी आहे. आधी पदार्थ थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवायचा, मग पाणी घालून माप पुरे करायचे. भरलेल्या पंपात वरून खडे टाकले तर नोझल तुंबते आणि एका सरीला जास्त, दुसरीला कमी औषध जाते.

आता बोर्डो मिश्रणाचे बघू. फ्रान्समधील बोर्दो भागात मिलार्दे या शास्त्रज्ञाने द्राक्षावरील केवड्यासाठी ते १८८५ मध्ये पुढे आणले. आजही पानमळा, द्राक्ष, लिंबू यांना ते उपयोगी पडते. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद बारीक करून ५० लिटर पाण्यात विरघळवावे. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्यावे. लोखंडी नको, कारण मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि मिश्रणाचा जोर जातो. दुसऱ्या भांड्यात एक किलो कळीचा चुना विझवून, गाळून ५० लिटर करावा. थंड झाल्यावर दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी काठीने ढवळावीत. मग घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून बघावा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे, पाने जळणार. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा तपासावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

"जरा जास्त टाकलं की किडी लवकर मरत्यात," असे म्हणणारे गावोगाव भेटतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. मनाने केलेली औषधांची सरमिसळ हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आले. तेव्हा दोन औषधे लेबलावर सांगितल्याशिवाय एकत्र करू नका. हातमोजे आणि मास्क घाला, काठीनेच ढवळा, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नका.

आपले कबनूर इचलकरंजीला लागून. सायझिंगमध्ये खळीचे प्रमाण चुकले तर मागावर सूत तुटते, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जी काळजी सुताला, ती पिकाला आणि फवारणाऱ्या माणसाला का नको?

ग्रामपंचायत आणि विकास सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. एक ग्रॅमचा काटा, १०० मि.ली.चे मोजपात्र आणि लिटमस कागद सोसायटीच्या दुकानात ठेवा. खत-औषध नेणाऱ्याला तिथेच पंपाच्या मापाच्या पुड्या बांधून द्या, पुडीवर औषधाचे नाव आणि "१५ लिटरसाठी" असे ठळक लिहा. खर्च थोडा आहे. येत्या मासिक सभेतच हा विषय घ्यावा.